एन्ड्युरो ७५ ची जोडी आणि नवीन चार्टप्लॉटर: आरपीएम, तापमान, पेट्रोल स्क्रीनवर कसं आणायचं?

देवबाग_किनारा (धागाकर्ता)

२४ फुटी फायबर बोट. मागे यामाहा एन्ड्युरो ७५ या आउटबोर्ड इंजिनांची जोडी: टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, चावीने स्टार्ट. कन्सोलवर आरपीएम दाखवणारे काट्याचे दोन टॅकोमीटर आहेत, त्यातला उजवा मेलाय. आता ७ इंची चार्टप्लॉटर (नकाशाची स्क्रीन) बसतोय, त्याला मागे एनएमईए २००० चं (बोटीतली उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कचं) पोर्ट आहे. दोन्ही इंजिनांचे आरपीएम, तापमान आणि जमलं तर पेट्रोलचा खप स्क्रीनवर हवाय. इंजिनाला कॉम्प्युटर वगैरे काही नाही. पावसाळ्यात बोट वर काढलेली आहे, तेवढ्यात काम उरकायचंय. सुरुवात कुठून करू?

फ्लायव्हील

सुरुवात वायरिंगपासून करा, डबा नंतर विकत घ्या. एनएमईए २००० ला काट्याची भाषा कळत नाही. त्याला आकडे लागतात आणि तुमच्या इंजिनातून येतात ते नुसते विजेचे ठोके. त्यामुळे मध्ये एक कन्व्हर्टर लागणारच. पण कन्व्हर्टर कुठला घ्यायचा हे इंजिन मुळात काय काय देतं त्यावर ठरतं.

यामाहाच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) चावीकडे येणाऱ्या वायरी अशा: पिवळी म्हणजे चावी ऑन केल्यावर येणारं १२ व्होल्ट, काळी अर्थ, हिरवी टॅकोची, गुलाबी गरम झाल्याच्या इशाऱ्याची, तपकिरी स्टार्टरची, पांढरी इंजिन बंद करायची. तुम्हाला हात लावायचाय तो पिवळी, काळी, हिरवी आणि गुलाबी या चौघींनाच. पांढरीला चुकूनही १२ व्होल्ट देऊ नका, सीडीआय युनिट (ठिणगी पाडणारा डबा) जागेवर जाईल. जुन्या बोटींत मधल्या कुणीतरी हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली असते, म्हणून रंगावर विसंबू नका, मीटर लावून एकेक वायर इंजिनापर्यंत तपासा.

हिरवीवर येणारे ठोके चार्जिंग कॉइलचे असतात. फ्लायव्हीलच्या एका फेरीत किती ठोके हे पोलच्या (चुंबकाच्या ध्रुवांच्या) संख्येवर ठरतं: पोल भागिले दोन. १२ पोल असतील तर फेरीला ६ ठोके, म्हणजे ५००० आरपीएमला ५०० हर्ट्झ आणि ८०० च्या आयडलला ८० हर्ट्झ. यामाहाच्या मोठ्या इंजिनांत बहुधा १२ पोल असतात, पण गृहीत धरू नका. तुमचा डावा टॅको चालू आहे ना? तो काढून मागे बघा. बहुतेक टॅकोंच्या पाठीला पोल निवडायची छोटी चकती असते. ती ज्या आकड्यावर आहे तोच कन्व्हर्टरमध्ये टाका.

उजवा टॅको मेलाय म्हणता, पण टॅकोच मेलाय की ठोकेच येत नाहीत? डाव्याची हिरवी काढून डाव्या टॅकोला उजवी हिरवी लावून बघा. काटा हलला नाही तर दोष वायरीत किंवा रेक्टिफायरमध्ये (एसीचं डीसी करणाऱ्या भागात) आहे. मग कितीही महाग डबा लावलात तरी स्क्रीनवर रेघाच दिसणार.

मांडवी_जेट्टी

त्याआधी एक: प्लॉटरचं मॉडेल नक्की बघून घ्या. गार्मिनचे स्ट्रायकर आणि लॉरन्सचे हूक यांना एनएमईए २००० नाहीच. पाठीमागे गोल सॉकेट दिसलं म्हणून ते नेटवर्कचंच असेल असं नाही. रेमरीनचं सीटॉक-एनजी म्हणजे भाषा तीच, फक्त प्लग वेगळा. त्याला अॅडॉप्टर केबल मिळते.

फ्लायव्हील

बरोबर. आता कन्व्हर्टर. तयार मालात अॅक्टिसेन्सचं ईएमयू-१ सगळ्यात जास्त चालतं. त्यात ६ गेज इनपुट, २ टॅको, ४ अलार्म असतात. म्हणजे एकाच डब्यात दोन्ही इंजिनं बसतात. नोलँडचं आरएस११ सुद्धा दोन इंजिनांसाठीच आहे. ईएमयू-१ घेणाऱ्याला एक खर्च आधी दिसत नाही: त्याचं सेटिंग लॅपटॉपवरून करावं लागतं आणि त्यासाठी एनजीटी-१ सारखा यूएसबी गेटवे (नेटवर्क लॅपटॉपला जोडणारा डबा) लागतो. तो एकदाच लागतो, त्यामुळे जेट्टीवर कुणाकडे असेल तर मागून आणा.

डबा इंजिनाच्या टोपाखाली बसवायचा मोह आवरा. तिथे उष्णता, खारं पाणी आणि स्पार्कचा गोंगाट, तिन्ही आहेत. हव्या त्या वायरी कन्सोलमध्ये आधीच आलेल्या आहेत, तिथेच जुन्या टॅकोच्या टोकांवरून जोड घ्या. चालू टॅको काढायची गरज नाही. एकाच हिरवीवर टॅको आणि कन्व्हर्टर दोन्ही सुखाने चालतात.

नेटवर्क असं: चार टी-कनेक्टर एकमेकांना सरळ जोडा, दोन्ही टोकांना टर्मिनेटर (आत १२० ओहमचा रेझिस्टर असलेला प्लग). एका टीला पॉवर केबल, एकाला प्लॉटर, एकाला कन्व्हर्टर, एक रिकामी (तिला टोपी घाला). टी पासून उपकरणापर्यंतची केबल ६ मीटरपेक्षा लांब चालत नाही, तुमच्या बोटीत २ मीटर पुरतील. पॉवरला ३ अँपिअरचा फ्यूज आणि स्वतंत्र स्विच. इंजिनाच्या चावीवरून पॉवर घेऊ नका. स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली बसतं आणि सगळं नेटवर्क पुन्हा सुरू होतं.

जोडून झालं की पॉवर बंद ठेवून नेटवर्कच्या केबलमधल्या पांढऱ्या आणि निळ्या वायरीमध्ये ओहम मोजा. ६० यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर नाही किंवा मध्ये वायर तुटलीय. ४० आले तर कुठेतरी तिसरा टर्मिनेटर लपलाय.

देवबाग_किनारा

डाव्या टॅकोच्या मागे चकती १२ वर आहे. उजव्याची हिरवी डाव्या टॅकोला लावली, काटा व्यवस्थित हलतो. म्हणजे टॅकोच मेलाय. आता तापमानाचं सांगा. गुलाबी वायर गेज इनपुटला लावायची ना?

फ्लायव्हील

नाही! इथेच बहुतेक जण फसतात. गुलाबीच्या टोकाला सेन्सर नाही, स्विच आहे. सिलिंडर हेड ठराविक तापमानापुढे गेलं की तो स्विच गुलाबीला अर्थ करतो आणि बझर वाजतो. ५० अंश की ७० अंश हे त्याला माहीत नसतं. थंड किंवा गरम, एवढंच.

तरी ती वायर फुकट जात नाही. बझर पिवळी आणि गुलाबीच्या मध्ये असतो, त्यामुळे एरवी गुलाबीवर १२ व्होल्टच्या आसपास दिसतात आणि इशाऱ्याच्या वेळी ते शून्यावर येतात. कन्व्हर्टरच्या अलार्म इनपुटला ती द्या आणि 'व्होल्टेज खाली आल्यावर अलार्म' असं सेट करा. पीजीएन १२७४८९ मध्ये (पीजीएन म्हणजे एनएमईए २००० वरच्या ठरलेल्या संदेशाचा नंबर) तापमानाच्या आकड्याबरोबर स्थितीचे बिट असतात, त्यातला 'ओव्हर टेम्परेचर' बिट याने पेटतो. तापमानाचा रकाना रिकामा राहिला तरी चालतं. मात्र सगळे प्लॉटर हे बिट दाखवतातच असं नाही. इंजिनाजवळ थर्मोस्विचची वायर काढून क्षणभर अर्थला टेकवा आणि स्क्रीनवर खरंच इशारा येतो का बघा.

आणि बझर काढू नका. स्क्रीन आली म्हणून बझर काढणारे महाभाग असतात. उन्हात स्क्रीन दिसत नाही, मागे दोन टू-स्ट्रोक बोंबलत असतात, त्या आवाजात ऐकू येणारी गोष्ट म्हणजे तो बझरच. शिवाय बझर काढला की गुलाबी हवेत लोंबकळते, तिच्यावर १२ व्होल्ट येत नाहीत आणि अलार्म इनपुट मनाला येईल ते दाखवतो.

गॅरेज_मिऱ्या

आकडाच हवा असेल तर वेगळा सेंडर बसवावा लागेल. सिलिंडर हेडच्या एखाद्या बोल्टखाली रिंगसारखा एनटीसी सेन्सर (तापमानानुसार ओहम बदलणारा) घालता येतो, पण वॉशरची जाडी वाढते म्हणून टॉर्क नीट द्या. शक्यतो थर्मोस्टॅट कव्हरचा बोल्ट निवडा, हेडच्या मुख्य बोल्टांना हात लावू नका. थर्मोस्टॅट किती अंशाला उघडतो तो आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. चालत्या इंजिनाचं तापमान त्याच्या आसपास घुटमळलं की ठीक. थर्मोस्टॅट काढून टाकलेली इंजिनं किनाऱ्यावर कमी नाहीत, तिथे आकडा कायम खालीच दिसेल. त्यावरून सेन्सर खराब आहे असं ठरवू नका.

माझं मत विचाराल तर तापमानापेक्षा कूलिंगच्या पाण्याचा दाब जास्त कामाचा. इम्पेलर (पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र) झिजायला लागला, किंवा खाडीत जाळीला प्लास्टिकची पिशवी चिकटली, की दाब आधी पडतो. हेड तापून बझर वाजतो तो नंतर. १२७४८९ मध्ये कूलंट प्रेशरचा रकानाही आहे. एक मात्र, आयडलला दाब जवळजवळ शून्य असतो, ते नॉर्मल आहे. ३००० आरपीएमला किती येतो तो नव्या इम्पेलरवर एकदा लिहून ठेवा आणि त्याच्याशीच ताडून बघत जा.

सोल्डर_आणि_मीठ

तयार डबा महाग पडतो म्हणणाऱ्यांसाठी स्वस्तातला रस्ता: ईएसपी३२ बोर्ड (छोटा प्रोग्रॅम करता येणारा), एसएन६५एचव्हीडी२३० चा कॅन ट्रान्सीव्हर (एनएमईए २००० च्या वायरींवर बोलणारी चिप) आणि हिरव्या वायरीसाठी एच११एल१ ऑप्टोकपलर (विजेचा थेट जोड न देता प्रकाशाने ठोका पुढे देणारा). ईएसपी३२ मध्ये कॅन कंट्रोलर आतच असतो, वेगळा लागत नाही. सॉफ्टवेअरसाठी टिमो लप्पालाइनन यांची मोफत एनएमईए२००० लायब्ररी आहे, पीजीएन बांधायचं काम तीच करते.

हिरवी थेट ईएसपी३२ च्या पिनला लावलीत तर बोर्ड गेलाच म्हणून समजा, त्याला ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाही. हिरवी, मग २.२ किलोओहमचा रेझिस्टर, मग ऑप्टोचा एलईडी, मग काळी. १२ व्होल्टला साधारण ५ मिलिअँपिअर जातात, ऑप्टोला पुरेसे. रेझिस्टर १ वॅटचा घ्या, कारण बॅटरीचा जोड सैल झाला की हिरवीवर कितीतरी जास्त व्होल्टचे झटके येतात. एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड समांतर लावा. आउटपुटला ३.३ व्होल्टकडे ४.७ किलोओहम. दोन इंजिनं म्हणजे हे सगळं दोनदा.

कुठे कुठे गोची होते ते सांगतो, म्हणजे नंतर इथे 'चालत नाही' म्हणून यायला नको:

ट्रान्सीव्हरच्या बाजारू बोर्डवर बऱ्याचदा १२० ओहमचा रेझिस्टर आधीच सोल्डर केलेला असतो. तो काढा. वर फ्लायव्हील यांनी सांगितलेला लपलेला तिसरा टर्मिनेटर बहुतेक वेळा हाच.

लायब्ररीला तापमान केल्विनमध्ये, दाब पास्कलमध्ये आणि इंजिनाचे तास सेकंदांमध्ये लागतात. ५० अंश म्हणून नुसते ५० पाठवलेत तर स्क्रीन उणे २२३ दाखवेल.

जे मोजत नाही त्या रकान्यात शून्य भरू नका. लायब्ररीत 'उपलब्ध नाही' असं सांगणारी ठरलेली किंमत आहे, ती द्या. ऑइल प्रेशरच्या जागी शून्य गेलं की टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल प्रेशरचा अलार्म येतो आणि पुढचे चार दिवस लोक तेल शोधत बसतात.

ठोके अर्धा सेकंद मोजून आरपीएम काढलात तर ६ ठोक्यांच्या इंजिनात आकडा २० च्या उड्या मारतो. त्यापेक्षा दोन ठोक्यांमधला वेळ मोजा आणि १०-१२ ठोक्यांची सरासरी घ्या. आरपीएमचा पीजीएन १२७४८८ दर १०० मिलिसेकंदांनी पाठवायचा असतो, १२७४८९ अर्ध्या सेकंदाने.

गेज किंवा एनटीसी वाचायला ईएसपी३२ चा स्वतःचा एडीसी (व्होल्टचा आकडा करणारा भाग) वापरू नका, तो टोकांना वाकडा आहे. वेगळी एडीएस१११५ चिप लावा.

मांडवी_जेट्टी

प्रवासी बोटीला हा घरगुती डबा नको राव. स्वतःच्या मासेमारीच्या होडीवर काय हवं ते करा.

सोल्डर_आणि_मीठ

आरपीएम दाखवायला काय हरकत आहे? इशाऱ्याचं काम बझरकडेच राहतंय, ते वर आलंच आहे. डबा बिघडला तर फार तर आकडा जाईल. फक्त डब्याची १२ व्होल्टची बाजू नीट करा: १ अँपिअरचा फ्यूज, टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके गिळणारा) आणि गाडीसाठीचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा). मोबाइल चार्जरमधला काढून लावू नका.

खारेपाटण_४०

माझ्याकडे ४० हॉर्सपॉवरचं दोरीने स्टार्ट होणारं, हँडलवालं इंजिन आहे. हिरवी वायरच नाही. बॅटरीही नव्हती, आता फिशफाइंडरसाठी ठेवलीय. आरपीएम कुठून घेऊ?

फ्लायव्हील

अशा इंजिनाला लाइटिंग कॉइल (दिव्यांसाठी वीज देणारी) असेल तर दोन वायरी बाहेर आलेल्या असतात, त्यांच्यावर एसी असतं. एसीवरचा ठोकाही फ्लायव्हीलच्या गतीनेच येतो. वरचं ऑप्टोचं सर्किट त्या दोन वायरींमध्ये लावा, उलटा डायोड मात्र विसरू नका. पोल किती ते कळत नसेल तर आयडलला हर्ट्झ मोजा (मल्टिमीटरवर हर्ट्झचं बटण असतं), त्याच वेळी प्लगच्या वायरीला गुंडाळायचा स्वस्तातला टॅको लावून आरपीएम बघा. हर्ट्झ गुणिले ६० भागिले आरपीएम, म्हणजे फेरीला किती ठोके ते आलं. उत्तर पूर्णांकाच्या जवळ यायला हवं.

गुंडाळायच्या टॅकोत एक मेख आहे. काही जुन्या दोन सिलिंडरांच्या इंजिनांत एकाच कॉइलवरून दोन्ही प्लग एकदम ठिणगी टाकतात, तिथे एका फेरीत दोनदा ठिणगी पडते. म्हणजे टॅको दुप्पट दाखवतो. आयडलला १८०० दिसले की समजायचं.

बॅटरी ठेवलीय ती कशाने चार्ज करताय? रेक्टिफायर आहे पण रेग्युलेटर नाही अशी जोडणी असेल तर फुल थ्रॉटलला १५ च्या वर व्होल्टेज जातं. एनएमईए २००० ची उपकरणं ९ ते १६ व्होल्टसाठी असतात. आधी रेग्युलेटर बसवा.

देवबाग_किनारा

ईएमयू-१ मिळाला, बसवला, ओहम ६० आले. डावं इंजिन छान दिसतंय. उजवं सुरू केलं की एकाच गेजमध्ये काटा कधी ९०० कधी १४०० असा नाचतोय. दुसरा गेज रिकामा.

सोल्डर_आणि_मीठ

दोघांचा इन्स्टन्स (नेटवर्कवरचा इंजिनाचा क्रमांक) ० आहे. डावं ०, उजवं १ करा. आणि प्लॉटरच्या सेटिंगमध्ये इंजिनांची संख्या २ आहे का बघा, ती १ असेल तर दुसरं इंजिन पाठवत असूनही दिसणार नाही.

देवबाग_किनारा

झालं! आता उजव्याचा आकडा ३५०० च्या पुढे उड्या मारतो, मध्येच ७००० दाखवून परत येतो. डावं स्थिर.

गॅरेज_मिऱ्या

उजव्याचे प्लग बघा. एनजीकेच्या नंबरात बी नंतर आर असेल (बीआर८एचएस सारखं) तर आत रेझिस्टर आहे. नुसतं बी८एचएस असेल तर नाही. विनारेझिस्टर प्लगचा कचरा हिरवीवर चढतो आणि कन्व्हर्टर तो ठोका म्हणून मोजतो. काट्याच्या टॅकोला हे जाणवत नाही, तो जड असतो. उष्णतेचा नंबर तोच ठेवून आरवाले टाका.

फ्लायव्हील

प्लग ठीक निघाले तर उजव्याची काळी तपासा. इंजिनाच्या ब्लॉकपासून कन्सोलच्या अर्थपर्यंत, इंजिन चालू असताना, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. १०० च्या वर दिसले तर कुठेतरी हिरवा गंज आहे. हिरवी वायर ट्रिमच्या किंवा स्टार्टरच्या जाड केबलला चिकटून बांधली असेल तर वेगळी करा.

देवबाग_किनारा

तिन्ही प्लग विनारेझिस्टर निघाले, डाव्याचे आरवाले होते. बदलले. उड्या गेल्या. आता पेट्रोल राहिलं. २४ लिटरच्या चार प्लास्टिक टाक्या आहेत.

मांडवी_जेट्टी

हलवायच्या टाकीत विजेचा सेंडर नसतो, तेव्हा लेव्हल सोडून द्या, फ्लो सेन्सर लावा. लॉरन्स-सिमरॅडचा फ्यूल फ्लो सेन्सर किंवा गार्मिनचा जीएफएस १०, दोन्ही थेट एनएमईए २००० वर बोलतात, कन्व्हर्टर लागत नाही. प्रत्येक इंजिनाला एक, इन्स्टन्स परत ० आणि १. सेन्सर वॉटर सेपरेटर फिल्टरच्या नंतर, अंगावरच्या बाणाप्रमाणे, उभा. आतलं चक्र कचऱ्याने अडकतं. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं, ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या टाकीतला चिकट थर सोडवून पुढे आणतं, म्हणून १० मायक्रॉनचा फिल्टर टाळू नका. तेल मिसळलेल्या पेट्रोलने सेन्सरचं काही बिघडत नाही. परतीची लाइन असलेल्या डिझेलला मात्र हा एकटा सेन्सर चालत नाही, कारण परत गेलेलं डिझेलही खप म्हणून मोजलं जातं.

कॅलिब्रेशन: टाकी काठोकाठ भरा, निदान १५-२० लिटर जाळा, परत काठोकाठ भरा. पंपाचा आकडा प्लॉटरमध्ये टाका. दोन-चार लिटरांवर कॅलिब्रेशन केलंत तर काठोकाठ भरण्यातल्या थोड्याशा फरकानेच आकडा चुकतो.

गॅरेज_मिऱ्या

ज्यांना फ्लोअरखाली कायमची टाकी आहे त्यांच्यासाठी: सेंडर घेताना ओहम बघा. अमेरिकन पद्धतीचा रिकाम्या टाकीला २४० आणि भरल्यावर ३३ देतो, युरोपियन रिकाम्याला १० आणि भरल्यावर १८०. उलटसुलट झालं तर भरलेली टाकी रिकामी दिसते. टाकीचा तळ व्ही आकाराचा असेल तर १०-१० लिटर ओतून प्रत्येक वेळी आकडा नोंदवा. तरंगणारा गोळा अर्ध्यावर आला म्हणजे पेट्रोल अर्धं उरलं असं होत नाही.

शारजा_क्रीक

माझं मर्क्युरी ऑप्टिमॅक्स आहे, त्यालाही हेच का?

फ्लायव्हील

नाही, त्याला हे अॅनालॉगचं झंझट करू नका. ऑप्टिमॅक्सच्या कॉम्प्युटरमध्ये सगळे आकडे आधीच आहेत. स्मार्टक्राफ्टचं (मर्क्युरीच्या स्वतःच्या नेटवर्कचं) १० पिनी सॉकेट शोधा आणि मर्क्युरीचाच गेटवे (व्हेसलव्ह्यू लिंक सारखा) लावा. यामाहाची कमांड लिंकवाली (कमांड लिंक म्हणजे यामाहाचं स्वतःचं नेटवर्क) फोर-स्ट्रोक, सुझुकीची इंजेक्शनवाली डीएफ, यांनाही कंपनीची इंटरफेस केबल मिळते. फक्त कमांड लिंकचा हब सरळ एनएमईएच्या टीमध्ये खुपसू नका, दोन्हीकडून १२ व्होल्ट एकमेकांवर येतात. एव्हिनरूड ई-टेकला एनएमईए २००० इंजिनातच आहे. बीआरपी कंपनीने २०२० मध्ये एव्हिनरूड बंद केलं तरी केबल अजून मिळतात.

देवबाग_किनारा

सेन्सर मागवले. शेवटचं विचारतो: कनेक्टरना ग्रीस लावायचं का? आणि जोड सोल्डर करू की क्रिम्प (दाबून बसवायचा जोड)?

सोल्डर_आणि_मीठ

नाव माझं सोल्डर असलं तरी बोटीत क्रिम्प. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते. कथिल चढवलेली तांब्याची वायर, आत गोंद असलेली हीटश्रिंक बट, आणि रॅचेटवाली क्रिम्पर, पक्कड नाही. डायइलेक्ट्रिक ग्रीस प्लगच्या रबर सीलला लावा, पिनांवर थापू नका. टी-कनेक्टर आडव्या पट्टीवर, केबल खालून येईल असे बसवा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी कनेक्टरमध्ये शिरणार नाही. रिकाम्या टीची टोपी लावलीत ना?

देवबाग_किनारा

नव्हती लावली. आत्ता लावतो.